फुरसतीचा निबंध आणि कामाची ओवी

मराठी लघुनिबंधाचा इतिहास बहुतेक वर्गांतून एका ठरावीक क्रमाने सांगितला जातो. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तिच्या ८४ अंकांनी मराठी गद्याला बाणेदारपणा दिला. आगरकर, टिळक, शिवराम महादेव परांजपे यांनी त्या गद्याचे शस्त्र केले. पुढे १९२६ च्या सुमारास ना. सी. फडक्यांनी ‘रत्नाकर’ मासिकातून ‘गुजगोष्टी’ लिहावयास आरंभ केला, तेव्हा निबंध व्यासपीठावरून उतरून आरामखुर्चीत बसला. मग खांडेकर आणि काणेकर येतात, मग लघुनिबंध साचेबंद झाल्याची तक्रार येते, आणि अखेरीस ‘ललित गद्य’ या ऐसपैस छपराखाली इरावती कर्वे, दुर्गा भागवत आणि नंतरचे लेखक एकत्र बसवले जातात.

हा क्रम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. एका मासिकी गद्यप्रकाराचा इतिहास म्हणून तो ठीकच आहे. परंतु रोजचे जगणे, दारातले जनावर, हातातले काम आणि उंबऱ्याबाहेर पालटणारा ऋतू यांविषयी मराठी माणूस ‘मी’ म्हणून केव्हा बोलू लागला, असा प्रश्न विचारला की हा क्रम अपुरा पडतो. आमच्या मते मराठीत दैनंदिन जीवनाचे चिंतन दोन वाटांनी आलेले आहे. एक वाट काम आटोपल्यानंतरच्या, किंवा काम दुसऱ्यावर सोपवल्यानंतरच्या, फुरसतीची. दुसरी वाट प्रत्यक्ष कामाच्या सोबतीने चालणारी. पहिलीला आपण वाङ्मयप्रकाराचा मान दिला. दुसरीला लोकवाङ्मय, आठवणी, आत्मकथन अशी निरनिराळी नावे देऊन निरनिराळ्या कपाटांत ठेवले. त्यामुळे ‘साध्यासुध्या आयुष्यावरचे लेखन’ म्हणताना आपण नेमके कोणाचे आयुष्य साधेसुधे मानतो, हा प्रश्नच पडेनासा झाला.

आधी पहिल्या वाटेचे मूळ पाहू. युरोपीय निबंधाचा जनक माँतेन याने १५७० साली बोर्दोच्या न्यायसभेतील पद सोडले, आणि आपल्या वाड्याच्या बुरुजातील ग्रंथालयात बसून स्वतःविषयी लिहिण्यास सुरुवात केली. १५८० साली त्याच्या निबंधांचे पहिले दोन भाग निघाले. त्यांत त्याची मांजरही आहे. आपण मांजरीशी खेळतो की मांजर आपल्याशी, अशी शंका तो एका गंभीर तात्त्विक विवेचनाच्या मध्येच काढतो. पाळीव प्राण्यावरून माणसाच्या अहंकारापर्यंत पोहोचण्याची ही युक्ती पुढे साऱ्या निबंधवाङ्मयाने उचलली. माँतेनच्या बुरुजाखाली त्याची द्राक्षांची शेती होती, नोकरचाकर होते. फुरसत ही त्याच्या निबंधाची पूर्वअट होती आणि तो ती लपवतही नाही.

चार्ल्स लॅम्बची गोष्ट निराळी आहे, आणि आपल्याला अधिक जवळची असायला हवी. लॅम्ब १७९२ साली लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि तेहतीस वर्षांनी, १८२५ साली, पेन्शन घेऊन बाहेर पडला. ज्या खतावण्यांत आपल्या देशातील नीळ, कापड आणि मालाचे आकडे चढत होते, त्यांवर हा माणूस दिवसभर वाकून बसे आणि रात्री ‘एलिया’ या टोपणनावाने निबंध लिही. आपले खरे ग्रंथ कंपनीच्या कचेरीच्या फळ्यांवर आहेत, असे त्याने पुढे विनोदाने म्हटले. सेवानिवृत्त झाल्यावर आलेले बावरलेपण हाही त्याच्या एका प्रसिद्ध निबंधाचा विषय आहे. इतक्या वर्षांच्या ओझ्याखालून अचानक सुटलेल्या माणसाला मोकळा वेळ कसा पेलवत नाही, हे त्याने लिहिले. लॅम्बचे मार्दव सर्वांनी वाखाणले. त्या मार्दवाला कारकुनी मेजाची कड होती, हे मात्र फारसे लक्षात घेतले गेले नाही.

लॅम्बपासून गार्डिनर, लिंड, ल्यूकस यांच्यापर्यंतचे इंग्रजी निबंध महाविद्यालयांतून वाचलेल्या पिढीने मराठी लघुनिबंध घडवला. फडक्यांचे ‘गुजगोष्टी’ १९३३ साली पुस्तकरूपाने आले आणि काणेकरांचे ‘पिकली पाने’ १९३४ साली. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातील लेखनापासून त्यांचाही लघुनिबंध वाढत गेला. या तिघांनी मराठी गद्यासाठी केलेले काम लहान नाही. त्यांच्यापूर्वी निबंधाला विषय शोधावा लागे, आणि तो समाजाच्या, धर्माच्या किंवा राष्ट्राच्या तोलाचा असावा लागे. हरवलेली छत्री, आवडती खुर्ची, रेल्वेच्या डब्यातील अनोळखी सोबती यांवर चार पाने लिहिता येतात, आणि ती वाचून वाचकाला स्वतःच्या आयुष्याकडे किंचित निराळ्या नजरेने पाहावेसे वाटते, हा शोध त्यांनी मराठी वाचकाला दिला. चिपळूणकरांचा ‘आम्ही’ सभेतला होता, तर फडक्यांचा ‘मी’ दिवाणखान्यातला होता. सभेतून दिवाणखान्यात येणे हीदेखील एक मुक्तीच होती.

परंतु दिवाणखान्याला माजघर असते. या निबंधांतून चहाचा पेला वारंवार समोर येतो, आणि तो कोणी केला हे बहुधा येत नाही. कपाटातील पुस्तकांवरची धूळ कोणी झटकली, पावसाळ्याच्या तोंडी घरातले धान्य कोणी वाळवले, हे प्रश्न निबंधाच्या चौकटीबाहेर राहतात. दैनंदिन जीवन हा विषय ठरला, पण दिवस ज्यांच्या हातांनी उभा राहतो ते हात विषयात आले नाहीत. लघुनिबंध पुढे साचेबंद का झाला, याची कारणे टीकाकारांनी तंत्रात शोधली. क्षुल्लक वस्तूपासून आरंभ, मध्ये एखादी आठवण, मग जीवनाविषयीची हलकी कलाटणी आणि हसरा शेवट, हे तंत्र गिरवून गिरवून गुळगुळीत झाले, असे ते निदान. ते खरेच आहे. आम्ही त्यात एवढेच जोडू की तंत्र झिजते तेव्हा त्याखालचा अनुभवही आटलेला असतो. ज्याचा दिवस दुसऱ्या कोणीतरी सांभाळलेला आहे, त्याच्याजवळ दिवसाविषयी सांगण्यासारखे फार काळ उरत नाही.

नेमक्या त्याच वर्षांत दुसरी वाट छापखान्यापर्यंत येऊन पोहोचलेली होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी असे आम्हांस वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, म्हणजे ‘पिकली पाने’च्याच वर्षी, आणि १९३६ पर्यंत त्याचे चार भाग पूर्ण झाले. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. पतीचे धर्मांतर, दुरावा, पुन्हा एकत्र येणे, अनाथ मुलांचा सांभाळ, पैशाची सततची ओढगस्त, एवढा मोठा ऐवज असूनही त्यांच्या गद्याची गोडी सर्वांत अधिक जाणवते ती घरातील बारीकसारीक हकिकतींत. पाहुणे, स्वयंपाक, सोवळेओवळे, उधारी, नवऱ्याचा विसरभोळेपणा यांच्या वर्णनात त्यांचा ‘मी’ स्वतःवर हसतो, क्षणात गंभीर होतो आणि कोठेही वक्तृत्व करत नाही. फडक्यांनी लघुनिबंधाकडून जी जवळीक आणि जो खेळकरपणा मागितला, तो या बाईंजवळ तंत्राचे नावही न ऐकता होता. तरी ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्राच्या प्रकरणात जाते आणि लघुनिबंधाच्या प्रकरणात तिचा उल्लेखही येत नाही.

त्याच्याही आधी, १९१० साली, रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. न्यायमूर्तींच्या थोरवीसाठी ते वाचले जाते, आणि लेखिकेचा हेतूही तोच होता. परंतु त्यात एका मोठ्या कुटुंबातील दिवसाची घडी फार नेमकी नोंदवलेली आहे. घरातील वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसत, हातची कामे उरकून, रात्री इंग्रजीची अक्षरे गिरवणारी सून त्यात दिसते. तिला मिळणारा वेळ फुरसतीचा नव्हे, कामांच्या फटीतला आहे. फटीतला वेळ आणि मोकळा वेळ यांतून निघणारे गद्य सारखे नसते. पहिल्यात वाक्ये आखूड असतात, तपशील खरे असतात, आणि स्वतःकडे कौतुकाने पाहायला सवडच नसते.

कामाबरोबरचे चिंतन म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते जात्यावरच्या ओवीत. पहाटे, घर जागे होण्यापूर्वी, एकटीने किंवा समोरासमोर बसलेल्या दोघींनी खुंटा धरून दळण दळावयाचे. जात्याच्या तोंडी मूठमूठ धान्य घालत, पाळूच्या फेऱ्याच्या लयीत ओवी म्हणावयाची. ही ओवी आपण लोकगीत म्हणून शिकवतो आणि त्यामुळे ती सर्वांची, म्हणजे कोणाचीच नाही, अशी समजूत करून घेतो. वस्तुतः तिच्याइतका ठाम प्रथमपुरुष मराठीत क्वचित सापडेल. माझा भाऊ, माझे माहेर, माझा पाऊस, माझे शेत, माझी विठाई. बाई या ओव्यांतून सासुरवास सांगते, मुलीची पाठवणी सांगते, दुष्काळ सांगते, बैलाच्या मानेवरचे वळ सांगते, सीतेच्या वनवासावर आपले मत देते. बाबासाहेब आंबेडकरांवरही स्त्रियांनी जात्यावर ओव्या रचल्या. घरातल्या इतर माणसांसमोर जे बोलता येत नसे, ते जात्यापाशी बोलता येई. जात्याच्या घरघरीत तेवढी खासगी जागा होती.

साने गुरुजींनी १९४० मध्ये ‘स्त्री जीवन’ या संग्रहातून अशा ओव्यांचे भांडार वाचकांपुढे ठेवले. पुढे हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह अनेक वर्षे खपून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या कामाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. प्रत्येक ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले गेले, आणि ‘लोक’ या समूहवाचक शब्दामागून एकेक व्यक्ती बाहेर आली. २०१७ पासून हा संग्रह ‘परी’ या ग्रामीण जीवनाचा दस्तऐवज ठेवणाऱ्या संस्थेमार्फत सर्वांना खुला होत गेला आहे. वाङ्मयेतिहासकाराला ‘लेखक कोण’ हा प्रश्न विचारायचा असेल, तर आता त्याचे उत्तर नावानिशी मिळू शकते.

येथे एका भाबड्या निष्कर्षापासून सावध राहावयास हवे. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी ओसरली, याबद्दल हळहळणारे बरेच आहेत. ओवीसाठी पुन्हा पहाटे दळत बसायला मात्र ज्या बायका दळत होत्या त्यांतील कोणी तयार होईल असे आम्हांस वाटत नाही, आणि व्हावेही का? ओवी सुंदर होती म्हणून कष्ट सुंदर ठरत नाहीत. मुद्दा निराळा आहे. गिरणीने बाईचे दळण्याचे कष्ट कमी केले, पण वाचलेला वेळ लिहिण्यासाठी तिच्या हाती पडला नाही. त्या वेळात दुसरी कामे भरली गेली. जुने काम गेले, कामाबरोबरचे गाणे गेले, आणि फुरसतीचा निबंध मात्र तिच्या वाट्याला आला नाही. मराठी दैनंदिन गद्यातील ही मोठी पोकळी आहे, आणि ती पोकळी आहे हेही आपण फार उशिरा ओळखले.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १८८० ते १९५१ हा त्यांचा जीवनकाळ. शेतातले आणि घरातले काम करता करता त्या गाणी रचत, त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते. ती मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी टिपून ठेवली, म्हणून आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. पेरणी, मळणी, मोट, घरोटे, सुगरण पक्ष्याचे घरटे यांतून माणसाच्या संसारापर्यंत जाणारे त्यांचे विचार म्हणजे एका अर्थी निबंधच आहेत. फरक इतकाच की त्यांचा विषय टेबलावरून उचललेला नसून हातात असलेला आहे. लिहून घेणारा मुलगा घरात नसता तर? हा प्रश्न मनात आला की जमा झालेल्या वाङ्मयापेक्षा हरवलेल्याचा अंदाज अधिक अस्वस्थ करतो.

जनावरांच्या बाबतीतही या दोन वाटा निरनिराळ्या दिसतात. शहरी निबंधातले जनावर पाळीव असते, म्हणजे त्याला काम नसते. मांजर सोफ्यावर असते, कुत्रा साखळीला असतो, आणि मालकाच्या हौशीचे विनोदी दर्शन घडवणे हे त्यांचे वाङ्मयीन कार्य असते. पु. ल. देशपांडे यांनी ‘पाळीव प्राणी’मध्ये या हौशीची जी खिल्ली उडवली, तिचे मर्मही हेच आहे. प्राणी निमित्तमात्र आहे, त्याला पाळणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा हा खरा विषय आहे. शेतकऱ्याच्या घरी मात्र बैल हा कामाचा सोबती. त्याचे आजारपण म्हणजे घराचे आजारपण. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला, आणि दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला, त्याला न्हाऊ घालतात. आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, म्हणजे जुवाने घासलेल्या खांद्यांना लोणी-हळद किंवा तेल चोळतात. त्या दिवशी त्याच्याकडून काम घ्यायचे नाही, हा नियम. वर्षातून एकदा कष्टकऱ्याच्या खांद्याला हात लावून क्षमा मागावी असा हा सण आहे. त्यावरची सारी ग्रामीण स्मरणलेखने वाचनीय असतात, कारण त्यांतला प्राणी निमित्तमात्र नसतो.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या घराचे, खाण्यापिण्याचे, कपड्यालत्त्याचे वर्णन तपशिलाने केले. जंगल खात्याने चराऊ राने बंद केल्यामुळे त्याच्या जनावरांची काय दशा झाली हेही सांगितले. हे पुस्तक आपण सामाजिक विचारांच्या इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु रोजच्या भाकरीचा, गोठ्याचा आणि चाऱ्याचा इतका बारकाईने विचार करणारे गद्य ‘निबंधमाला’ बंद पडल्यावर दोनच वर्षांत लिहिले गेले, ही गोष्ट निबंधाच्या इतिहासातही नोंदली जायला हवी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) मेंढरांचे मरण आणि वाडीचे ओस पडणे या दोन घटना वेगळ्या काढता येत नाहीत, त्याची पूर्वपीठिका येथे आहे.

ऋतूंचे पाहू. संस्कृत काव्याने आपल्याला सहा ऋतू दिले. कालिदासाचे ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंतापाशी थांबते, आणि त्यातील ऋतू प्रामुख्याने प्रेमिकांच्या मनःस्थितीचे ऋतू आहेत. पंचांगाने बारा महिने दिले. शेतकऱ्याने तिसरेच घड्याळ वापरले, ते नक्षत्रांचे. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग लागते. मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, असे करत हस्तापर्यंत यायचे. साधारण तेरा-चौदा दिवसांचे एकेक नक्षत्र, आणि पंचांगात त्याचे वाहन बेडूक की म्हैस की हत्ती यावरून पावसाचा अंदाज. या घड्याळात ऋतू म्हणजे मनःस्थिती नव्हे. पेरावे की थांबावे, हा त्यातला प्रश्न. चूक झाली तर बियाणे जाते.

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’चे (१९५६) महत्त्व आम्हांस वाटते ते या तिन्ही घड्याळांच्या मिलाफात. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे बारा लेख. त्यांत संस्कृत काव्याची स्मृती आहे, पंचांगाचा क्रम आहे, लोकगीतांचा आणि लोकश्रद्धांचा आधार आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुंबईसारख्या शहरात राहूनही स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेली झाडांची नोंद आहे. कोणत्या पानाचा रंग केव्हा पालटतो, कोणता मोहर केव्हा करपतो, याकडे त्या अभ्यासकाच्या शिस्तीने पाहतात. येथे निसर्ग मनाच्या आरशासारखा वापरलेला नाही, तो पाहणे हेच काम आहे. अनेक वर्षांच्या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या, संशोधनाची क्षेत्रीय वाट तुटलेल्या एका विदुषीने पाहण्यालाच काम मानले, आणि लघुनिबंधातील फुरसत तपश्चर्येत पालटली. ‘ऋतुचक्र’ हे काव्यमय गद्य म्हणून शिकवले जाते. त्याला निरीक्षणाची नोंदवही म्हणूनही वाचावे, असे आम्ही सुचवू.

तशा वाचनाची आज विशेष गरज आहे. २०२० साली भारतीय हवामान खात्याने नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा अनेक ठिकाणांसाठी नव्याने ठरवल्या. परतीच्या तारखा बऱ्याच भागांत पुढे गेल्या. म्हणजे आजोबांच्या तोंडी असलेला नक्षत्रांचा हिशेब आणि नातवाच्या डोळ्यांसमोरचा पाऊस यांत अंतर पडले, ही बाब आता सरकारी दप्तरीही आली. अशा काळात ऋतूंवर लिहिणाऱ्याची जबाबदारी बदलते. आषाढाचे ठरीव मेघ आणि श्रावणाची ठरीव ऊनसावली लिहिणारा लेखक आता नुसता रटाळ ठरत नाही, तो खोटी साक्ष देतो. सत्तर वर्षांपूर्वी दुर्गाबाईंनी नेमकेपणाने लिहिले, म्हणून त्यांच्या पानांशी आजचे झाड ताडून पाहता येते. सुंदर पण संदिग्ध लिहिणाऱ्यांच्या पानांशी काहीच ताडता येत नाही.

काम आणि घर यांचा सांधा जोडणाऱ्या दुसऱ्या लेखिका इरावतीबाई कर्वे. त्यांचे ‘परिपूर्ती’ १९४९ चे. त्यातील शीर्षकलेख बहुतेकांच्या वाचनात असतो. सभेत या विदुषीची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते, आणि तिला काहीतरी अपुरे राहिल्यासारखे वाटते. रस्त्यावर मुलांचा घोळका ‘ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई’ असे म्हणतो तेव्हा ती ओळख पुरी होते. या लेखाचा शेवट हसरा आहे, लघुनिबंधाच्या जुन्या तंत्राशी जुळणारा आहे. पण त्याखाली एक काटाही आहे. मानववंशशास्त्रात स्वतःच्या नावाने काम उभे केलेल्या बाईची ओळख सगळ्या नात्यांतून पुरी होते, आणि तिचे काम त्या यादीत कोठे बसते? इरावतीबाईंनी हा प्रश्न उघड विचारलेला नाही. विद्यार्थ्यांना तो विचारावा. त्यांच्या ‘वाटचाल’ या लेखात त्या आषाढी वारीबरोबर चालतात, वारकऱ्यांच्या सहवासात रमतात, आणि तरीही जातीजातींच्या दिंड्या वेगळ्या चालतात, पंगती वेगळ्या बसतात, हे अभ्यासकाच्या डोळ्यांनी नोंदवतात. रमणे आणि नोंदवणे ही दोन्ही कामे एकाच वाक्यरचनेत करणारे हे गद्य मराठी निबंधाला मिळालेली मोठी देणगी आहे.

यापुढची कडी बेबीताई कांबळे यांची. ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ साली पुस्तकरूपाने आले. फलटणला त्यांचे किराणा दुकान होते. दुकानात बसल्या बसल्या, माल बांधायच्या रद्दी कागदावरचा मजकूर वाचत त्यांचे वाचन वाढले, आणि गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्या लिहू लागल्या. ते लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे घरातल्या माणसांपासून लपवून ठेवले. महारवाड्यातील दिवस, सण, बाळंतपणे, उपास, सासुरवास यांचे इतके सविस्तर वर्णन मराठीत तोवर झालेले नव्हते. आपण ते दलित आत्मकथन म्हणून वाचतो. परंतु त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ अधिक आहे, आणि एका व्यक्तीच्या चरित्रापेक्षा एका वस्तीच्या रोजच्या जगण्याचे चिंतन अधिक आहे. फडक्यांच्या ‘मी’ला फुरसत होती आणि म्हणून आवाज होता. बेबीताईंच्या ‘आम्ही’ला फुरसत नव्हती, तरी आवाज होता, आणि तो वीस वर्षे कोनाड्यात पडून राहिला.

या सर्वांना एका पंगतीत बसवून प्रकारभेद पुसून टाकावेत, असा आमचा आग्रह नाही. ओवी ओवीच आहे, आत्मकथन आत्मकथनच आहे. आमचा आग्रह इतकाच की लघुनिबंधाचे प्रकरण शिकवताना १९३४ सालच्या पानावर ‘पिकली पाने’ आणि ‘स्मृतिचित्रे’ शेजारी शेजारी ठेवावीत, दोन्हींतला एकेक उतारा वर्गात मोठ्याने वाचावा, आणि मुलांना एकच प्रश्न विचारावा: या दोन्ही पानांवरचा स्वयंपाक कोणी केला? एका उताऱ्यात उत्तर लगेच सापडेल, दुसऱ्यात ते शोधावे लागेल. शोधता शोधता मुले निबंधाचे तंत्रही शिकतील, आणि तंत्र ज्यावर उभे असते ती घरातली जमीनही पाहतील.

आज मराठीत रोजच्या आयुष्यावर लिहिणाऱ्यांना तोटा नाही. घरातले कुत्रे, कचेरीतला कंटाळा, अवेळी आलेला पाऊस हे विषय सर्वांच्या हाताशी आहेत, आणि लिहिण्यासाठी आता ‘रत्नाकर’च्या संपादकाची परवानगी लागत नाही. विषय क्षुल्लक आहे म्हणून कोणी हिणवत नाही, ही फडके-काणेकरांची कमाई. तो विषय कोणाच्या श्रमावर उभा आहे हे विसरू नये, ही लक्ष्मीबाईंची, बहिणाबाईंची आणि जात्यापाशी बसलेल्या, आता नावानिशी माहीत झालेल्या हजारो बायकांची शिकवण. पहिली कमाई आपण कधीच अंगवळणी पाडून घेतली. दुसरी अजून अभ्यासक्रमाच्या दाराबाहेर उभी आहे.